पिंपावरची लाल पट्टी

कोंबडी दुकानात शिरली ती थेट पावांच्या फळीखाली जाऊन बसली. तिच्यामागून चिखलाच्या बुटांनिशी एक तरुण आला. त्यानं आधी कोंबडीची समजूत काढली, मग टॅबिथाची.

“ट्रकमध्ये लपून आली. हिला प्रवासाची हौस आहे.”

“आणि तुला माझी फरशी घाण करायची!”

टॅबिथा लारोश वडिलांचं किराणा दुकान चालवायची. एमेट गॉस गावोगावची नासकी भाजी, साली, खरकटं गोळा करून खत करायचा. अन्न कचऱ्यात टाकायला अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात कायद्यानं बंदी आली, तेव्हापासून दुकानातलं खरकट्याचं पिंप न्यायला त्याचा काका मागच्या दारानं यायचा. त्या दिवसानंतर एमेट येऊ लागला… पुढच्या दारानं. कॉफी घेतल्याशिवाय जाईना.

कायद्यानं गल्ल्यावरच्या प्लास्टिक पिशव्या बंद झाल्या होत्या. टॅबिथा एक पाऊल पुढे गेली. भाजीसाठीही तिनं ‘आपोआप विघटन’ असं छापलेल्या हिरव्या पिशव्या आणल्या. “साली यातच बांधा आणि माझ्या पिंपात टाका,” असं ती प्रत्येकाला सांगायची.

गावात कुणाच्याही पिंपात प्लास्टिक निघालं, तर एमेट त्यावर लाल पट्टी बांधायचा आणि ते तसंच दारात सोडून जायचा. मग गावभर चर्चा. चर्चच्या पाद्रीबाईही त्यातून सुटल्या नव्हत्या. टॅबिथाच्या पिंपाला मात्र कधी पट्टी लागली नाही. तिला त्याचा अभिमान होता.

बर्फ वितळायला लागलं, तशी ती मेपलच्या पाकातले डोनट घेऊन त्याच्या शेतावर गेली. खताच्या ढिगावर कोंबड्या उकरत होत्या. एमेट गुडघ्यांवर बसून काहीतरी वेचत होता. शेजारची बादली हिरव्या चिंध्यांनी भरली होती.

“या… माझ्या पिशव्या?”

“कुजत नाहीत गं. नुसत्या बारीक होतात.”

“कधीपासून माहीत होतं?”

“नाताळच्या आधीपासून.”

“मग पट्टी?”

तो हात पुसत राहिला. “आणली होती. तू त्या पिशव्यांबद्दल इतक्या आनंदानं सांगत होतीस… खिशातच राहिली. वाटलं, वेचून होईल. मग वर बर्फ पडलं.”

“पाद्रीबाईंना बरी लावलीस!”

“त्यांच्यावर माझं प्रेम नाही.”

एक कोंबडी टॅबिथाच्या बुटाची नाडी ओढत होती. तिनं ओढू दिली.

“हे खत विकता येईल?” तिनं विचारलं.

“पुढच्या आठवड्यात नमुना तपासणीला जाणार. प्लास्टिक सापडलं, तर वर्षभराचं खत गेलं.”

ज्या शब्दासाठी ती हिवाळाभर थांबली होती, तो असा चिखलात, चिंध्यांच्या बादलीशेजारी आला होता. त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण तिला लाज वाटू नये म्हणून हा माणूस आपला धंदा पणाला लावून बसला होता, आणि ती त्याला पिंपं भरभरून त्याच पिशव्या देत होती.

“पट्टी दे.”

खिशात राहून राहून ती मऊ झाली होती. टॅबिथा ती घेऊन निघाली.

तिनं पिंप ओढत दुकानाच्या पुढच्या दारात आणलं, पट्टी बांधली आणि हिरव्या पिशव्यांचं खोकं काढून टाकलं.

दुकानात शिरणारे म्हातारे ड्युकेट थबकले. “टॅबी? तुझ्या पिंपाला?”

“माझ्याच. चूक पिशव्यांची, म्हणजे माझीच. उद्या सकाळी एमेटच्या शेतावर चिंध्या वेचायला येता?”

“पाद्रीबाईंना सांगतो. त्या तर नाचत येतील.”

त्या खरंच आल्या. चाळणी घेऊन, गाणं गुणगुणत. दुपारपर्यंत कळलं की वरचा अर्धा ढीग वाया गेला. खालचा, जुना, स्वच्छ होता.

एमेट तिच्या शेजारी येऊन बसला. “रागावलीस?”

“हो. पुन्हा माझ्यासाठी असं करायचं नाही.”

“काय? प्रेम?”

“लपवाछपवी.” तिनं एक हिरवी चिंधी त्याच्या तळहातावर ठेवली आणि हात तिथेच राहू दिला. “प्रेम… चालेल. पण पुढच्या वेळी पट्टी बांधायची, आणि मग कॉफीला आत यायचं.”