दुर्बिणीतला सरळ माणूस

माझ्या तोंडच्या गोष्टी कुणी खऱ्या मानत नाही, हे मला ठाऊक आहे. निम्म्या मी रचलेल्याच असतात.

ही त्यातली नाही.

माझा मामा मोजणीदार. समुद्राकाठच्या एका ओसाड दलदलीचा पहिला नकाशा त्याने केला. माझे वडील, म्हणजे त्याचे दाजी, लांब चिखलात मोजपट्टी धरून उभे राहायचे. मामा काठावरून दुर्बिणीतून आकडे वाचायचा.

त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे. जमीन वर, आभाळ खाली.

"दाजी, उलटेच जास्त देखणे दिसता!" मामा ओरडायचा.

"तुझ्या बहिणीला सांग ते!"

त्या दुपारी ओहोटी होती. आभाळ भरलेलं. अचानक वारा पडला...

पक्षी गप्प झाले.

मामाने डोळा लावला. दाजी उलटे. पट्टी उलटी.

आणि शेजारी एक माणूस...

सरळ उभा.

मामाने डोळा बाजूला केला. चिखलात दाजी एकटेच.

पुन्हा लावला... तो होताच. फक्त मानेच्या वर काही दिसत नव्हतं.

मग मामाच्या ध्यानात आलं. इथे सरळ दिसतोय, म्हणजे तिथे तो उलटा आहे.

डोकं चिखलात. पाय आभाळाकडे.

"दाजी, पट्टी टाका! या मागे!"

"अरे, आकडा तर वाच!"

"खड्ड्यात गेला आकडा! भरती लागलीय!"

दुर्बिणीत त्या माणसाने हळूच हात पुढे केला... आणि दाजींचा घोटा धरला.

"पाय निघत नाहीये रे!"

मामा धावला. कमरेएवढ्या पाण्यातून त्याने दाजींना ओढून काढलं. पट्टी तिथेच राहिली. नकाशात तेवढा तुकडा आजही कोरा आहे.

दुसऱ्या दिवशी मामाने धीर करून घरासमोर दुर्बीण लावली.

घर उलटं. दारात माझी आई, उलटी.

तिच्या शेजारी दाजी...

सरळ.

मामाने त्या दिवसापासून मोजणी सोडली. आईला मात्र अवाक्षर बोलला नाही. मरताना मला सांगून गेला. वडील पुढे खूप वर्षं जगले. हसले, भांडले, चारचौघांसारखा संसार करून गेले.

माझा जन्म त्या दुपारनंतरचा.

दुर्बीण आता माझ्याकडे आहे. नातवंडं तिच्यातून एकमेकांना उलटं बघून खिदळतात.

"आजोबा, आता तुम्ही उभे राहा ना समोर!"

गुडघे दुखतात, असं सांगून मी आतल्या खोलीत जातो.

गुडघे माझे ठणठणीत आहेत.