कोठारावरची बदली

ही गोष्ट रचलेली नाही. मी माधवनगरच्या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा माणूस, भुतापेक्षा मुकादमाला जास्त भिणारा. ज्याला पटणार नाही त्याने खुशाल हसावं. फक्त हसण्याआधी माझ्या थोरल्या भावाच्या जागी स्वतःच्या भावाला उभं करून बघावं, एवढंच म्हणणं.

सन सेहेचाळीस, पौषातली अमावास्या. जागा, साताऱ्याच्या कॅम्पाबाहेरचं दारूगोळ्याचं जुनं दगडी कोठार.

आमचं गाव म्हसवडच्या बाजूचं, घर मेंढरांचं. वडील, म्हणजे आबा, पहिल्या लढाईत शिपाई होते. दुसऱ्या लढाईत पलटणीने जुनी माणसं परत बोलावली आणि आबांना या कोठारावर पहाऱ्याला ठेवलं. त्रेचाळीस साली ते तिथेच गेले. तार आली तोवर पलटणीने सगळं उरकलं होतं.

आमच्याकडे रीत आहे. गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. माणूस परगावी गेला असेल, तर जिथे जीव गेला तिथली माती आणायची आणि त्याला घरी चला म्हणून बोलवायचं. त्याशिवाय टाक बसत नाही. लढाई संपेपर्यंत कोठाराजवळ कुणाला फिरकू देत नव्हते. तोवर आई रोज आबांचं ताट वाढून ठेवायची. आम्ही तिला समजावून थकलो.

शेवटी आई, थोरला ज्योतिबा आणि मी निघालो. कोळशावर चालणारी मोटार वाटेत बंद पडली. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

राखणीला नानासो नावाचा म्हातारा पेन्शनर होता. आबांचं नाव ऐकून त्याने कंदील खाली ठेवला.

"तात्याबाची मानसं व्हय तुमी? लय खरा गडी. त्या राती अंगात ताप हुता. बदलीचा शिपाई आलाच न्हाई, आन् ह्यो जागा सोडंना. सकाळी बघतोय तर भिताडाला टेकून हुबा, बंदूक खांद्यावर... तसाच गेल्याला."

गिरणीत आमचंही असंच असतं. बदलीवाला आल्याशिवाय साचा सोडायचा नाही. पण त्यापायी कुणी मरत नाही.

नानासोने किल्ली दिली. "मी फाटकापाशी हाय," म्हणाला. तो आत आला नाही.

जाड भिंती. खिडकी नाही. आत काहीच नव्हतं. एक वटवाघूळसुद्धा नाही.

ज्योतिबाने दारापाशी माती उकरून फडक्यात बांधली. आईने तिथे भंडारा टाकला.

तेवढ्यात... बाहेर खडीवर बूट वाजले.

एकेक पाऊल. सावकाश.

भिंतीकडेने कोपऱ्यापर्यंत गेले... थांबले... वळले... परत आले.

"नानासो आसंल," मी म्हणालो.

"त्येच्या पायात कायबी न्हवतं," ज्योतिबा म्हणाला.

आईने पदर सावरला. तिने आयुष्यात आबांचं नाव घेतलं नव्हतं. तेव्हाही घेतलं नाही.

"आवं... चला घरी. न्यायला आलोय."

बूट थांबले.



आणि मग... बूट पुन्हा चालू लागले. कोपऱ्यापर्यंत. परत.

आईने आणखी एकदा बोलावलं. तेच झालं. ती चौकट धरून खाली बसली आणि रडायला लागली. आबा गेल्याची तार आली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

"न्हाई यायचं त्ये. बदली आल्याबिगर न्हाई यायचं."

ज्योतिबाला ते बघवेना. त्याचा आईवर फार जीव. मी त्याचा हात धरणार होतो, पण तो बोलून गेला.

"आबा, तुमी जावा घरी. मी हाय हितं."

सगळं गप्प झालं. रातकिडेसुद्धा.

मग ज्योतिबाचा उजवा खांदा खाली गेला... कुणीतरी त्यावर जड काही ठेवल्यासारखा.

माझ्या नाकात आबांच्या घोंगड्याचा वास आला. बूट आमच्या शेजारून गेले, फाटकातून बाहेर पडले आणि रस्त्याला लागले.

आईचं रडं थांबलं. "निघालं त्ये," एवढंच म्हणाली.

घरी पोचलो तसा आमचा कुत्रा धावत आला. आईच्या मागे, जिथे कुणीच नव्हतं, तिथे लोळण घेऊन शेपूट हलवायला लागला. मग ज्योतिबाकडे वळून गुरगुरला. त्याच्याच हातचं खाऊन वाढलेला कुत्रा.

टाक बसला. आईने ताट वाढणं सोडलं.

पण त्या दिवसापासून दिवेलागण झाली की ज्योतिबा मेंढरं कोंडायच्या वाडग्यापाशी ताठ उभा राहायचा. काठी उजव्या खांद्यावर. हाक मारली तर ओ नाही. कोपऱ्यापर्यंत जायचा... वळायचा... परत यायचा. उजाडल्यावर विचारलं तर त्याला काही आठवायचं नाही. देवऋषी झाले, सिद्धनाथाला नवस झाला. आम्ही काठी लपवली, तर नुसताच हात खांद्याशी धरून उभा राहिला.

यंदा, एकोणपन्नास साली, त्याला ताप भरला. पहाटे भावकीतल्या भाऊसोने त्याला बघितलं. वाडग्याच्या भिंतीला टेकून उभा होता... गार पडलेला.

दहाव्याला कावळा शिवेना. लोकांनी सगळं कबूल करून बघितलं. कावळे झाडावर बसून होते, खाली येईनात. मग एकेकजण माझ्याकडे बघायला लागला. धाकटा भाऊ मीच. वचन मीच द्यायचं होतं, आणि काय म्हणायचं तेही मला माहीत होतं. ज्योतिबा कोठारात बोलला तेच.

आईलाही माहीत होतं. तिने माझा दंड घट्ट धरला आणि नुसती मान हलवली. नाही.

मी बोललो नाही. दर्भाचा कावळा करून उरकलं.

ज्योतिबाचा टाक अजून केलेला नाही. माती वाडग्यातली घ्यायची की त्या कोठारातली, हे कुणी सांगत नाही. आई आता रोज त्याचं ताट वाढून ठेवते.

मी तोंड उघडलं नाही, हे मला पक्कं आठवतंय. मनात मात्र येऊन गेलं होतं.

काल गिरणी सुटल्यावर खोलीवर आलो. दिवेलागण झाली होती. कुलूप काढायला हात उचलू गेलो... उचलेना.

उजवा खांदा जड झाला होता.