नव्याच्या पोटात जुनं

ओलं जाळं खांद्यावर टाकून झेरॉक्सच्या दुकानात कोणी शिरतं का? मिथुन शिरला! पोंभुर्ण्यातल्या माझ्या स्वच्छ फरशीवर तलावाचं पाणी टपटपायला लागलं.

"जाळं बाहेर ठेवा ना, बाप्पा!"

"बाहेर कुत्रे हायेत," तो हसला... आणि माझा रागच पळाला. मेला हसला तरी कसा! मग त्याची नजर स्क्रीनवर गेली. "हे कोणती भाषा व्हय?"

माझे डोळे भरले. ते बाबांचं नाटक होतं. झाडीपट्टीत बाबांच्या, म्हणजे इस्तारीभाऊंच्या, नाटकाला गावंच्या गावं लोटायची. तालमीत कोणी वाक्य विसरलं की बाबा नुसतं बोट वर करायचे, अन् वाक्य आपोआप तोंडात यायचं. लकव्यानं वाचा जाण्याआधी त्यांनी हे शेवटचं नाटक स्वतः टाइप केलं होतं. मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची नाटकांची जत्रा, तोंडावर आली अन् जुना कम्प्युटर जळाला. पेनड्राइव्हवरची फाईल नव्यात उघडली, तर नुसते किडेमकोडे!

"रडू नोको. अक्षरं जागेवरच हायेत, नवा त्याले वळखत नाई." मिथुन चंद्रपूरला कम्प्युटर दुरुस्त करायचा, दिवाळीला घरी आला होता. "नव्याच्या पोटात जुना कम्प्युटर बसवतो. फाईलले वाटन, आपण आपल्याच घरी हाओ."

मग रोज दुपारी तो येऊन बसू लागला, अन् मी चहा करू लागले.

"साखर जास्त झाली."

"मग उद्या नको?"

"असं कोण म्हणलं?"

शेवटी एका दुपारी पडद्यावर मराठी उमटलं... नांदी! मी बाबांना घरातून खुर्चीसकट स्क्रीनपुढे आणलं. ते वाचत होते, ओठ हलत होते, डोळे वाहत होते. मी मिथुनपुढे चहा ठेवला, मुद्दाम साखर जास्त घालून.

"पायल..." तो हळूच म्हणाला, "चंद्रपूरले येशीन? माह्या घरी... कायमची?"

"बाबाले सोडून? नाई जमत."

"सोडून काऊन? नव्या घरात जुन्याले जागा नसन, त ते घर काय कामाचं? पयले काकाची खोली, मंग आपली."

तोंडातून शब्द फुटेना. बाबांनी माझ्याकडे पाहिलं... अन् चालत्या हाताचं बोट वर केलं.

"येईन!" मी म्हणाले. "पण जाळं बाहेर ठेवशील तर."