वीट झालेला राउटर

ताईला नवा राउटर घ्यायचा होता आणि त्यापायी तिने धाकट्या भावाचं डोकं पार खाल्लं होतं. हौस म्हणून नव्हे हो! मागच्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली. तिच्या गादीखाली एक चपटी पट्टी होती. श्वास मंदावला की ती घरच्या वायफायवरून ताईच्या फोनवर घंटा वाजवायची. ताई पुढच्या खोलीत कपडे शिवायची. मशीनच्या खडखडाटात आईची हाक कुठली ऐकू यायला? आणि कंपनीने दिलेला राउटर मनाला येईल तेव्हा स्वतःच बंद पडून अपडेट होत बसायचा.

"ओपन सोर्स फर्मवेअर चालेल असा घे," दूरच्या गावाहून भाऊ फोनवर म्हणाला. "म्हणजे राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर आपल्या हातात. आपण सांगितल्याशिवाय तो बंद पडायचा नाही."

"दुकानदार म्हणतो, सहा अँटेनांचा घ्या."

"त्या शिंगांवर भाळू नकोस, ताई! चिप आणि मेमरी बघ. आणि पाठीवरच्या लेबलवर आवृत्ती कुठली, ते नीट वाच. नाव तेच असतं, पण आवृत्ती बदलली की आतलं सगळं निराळं."

ताईने दुरुस्तीच्या दुकानातून एक वापरलेला राउटर पसंत करून आणला आणि जुना मोठ्या तोऱ्यात कंपनीला परत करून आली. नेमकं फर्मवेअर चढवताना गिऱ्हाईक दारात उभं, कोट आजच हवा म्हणून. त्या गडबडीत तिने भलत्याच आवृत्तीची फाइल चढवली. सगळे दिवे विझले ते विझलेच.

"वीट झाली त्याची," भावाने कपाळावर हात मारल्याचं तिला फोनवरही कळलं. "आता तो कामातून गेला. मी रविवारी येतो. तोवर आईकडे लक्ष ठेव."

ताईला रडू कोसळलं. रागारागाने तिने प्लग उपटला, वायर गुंडाळून राउटर आईच्या खोलीतल्या फळीवर टाकला. दर थोड्या वेळाने मशीन सोडून आत डोकावू लागली. पण कोटाची कॉलर जोडताना भान हरपलं.

फोनवर घंटा वाजली.

ती धावली. आईचा चेहरा काळवंडला होता. ताईने तिला कुशीवर वळवलं, पाठ चोळली. कफ सुटला, आईने मोठा श्वास घेतला. ताई तिला बिलगून हुंदके देत राहिली. घंटा वाजली कशी, हे तिला पुष्कळ वेळाने सुचलं. राउटर फळीवर गार पडला होता. फोनवर वायफाय पूर्ण.

रविवारी भावाने तो उघडला. चिप करपलेली होती. त्याने नवा राउटर बसवला, पण पट्टी काही केल्या त्याला जोडली जाईना. करपलेल्या राउटरचं वायफाय मात्र चालूच. भावाने तो करपलेला राउटर उचलून ताईपुढे धरला.

"ताई, हा फेकून दे."

"फेकून? अरे, आई दिसतेय ती याच्यामुळे!"

पुढेही दोनदा घंटेने आईला वाचवलं. ताई राउटर रोज मऊ कापडाने पुसायची. "बाबा रे, तुझे उपकार फिटायचे नाहीत," म्हणायची, आणि ते अगदी मनापासून. हळूहळू आई सावरली. पुढच्या खोलीत खिडकीशी बसून बटणं लावण्याइतकी.

अशाच एका सकाळी घंटा वाजली. ताई उठून धावली आणि दारात थबकली. आई तर खिडकीशी होती.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही. तू बस."

पलंग रिकामा होता. तिनेच ताणून घातलेली चादर तशीच. फोनच्या पडद्यावर मात्र श्वासाचा आकडा उतरत चालला होता.

घंटा बंद करायला अंगठा पुढे गेलाही. पण ज्या राउटरने आपल्यासाठी एवढं केलं, त्याच्या वेळेला पाठ फिरवायची?

ती पलंगाच्या काठावर बसली. चादरीवरून हात फिरवू लागली.

"घे, श्वास घे. मी आहे ना."

घंटा थांबली.

तिच्या हाताखाली चादर हलकेच वर आली, आणि खाली गेली.