चितरी दुपारी कुठे जाते?

"आज तिचा पिच्छा सोडायचा नाही!" समीक्षा कुजबुजली. "ती थांबली की थांबायचं, ती चालली की चालायचं!"

"अन् तिनं मागं पाह्यलं तं?" टिकेशनं विचारलं.

"तं तू झाड होऊन उभा राह्य!" त्याची ताई ओमेश्वरी म्हणाली.

तिघंही गोठ्याच्या भिंतीआड दडून बसले होते. समीक्षा सुट्टीत तिरोड्याहून मामाकडे आली होती. शेजारचंच घर ओमेश्वरी आणि टिकेशचं. त्यांच्या आईच्या, राजकुमारीबाईंच्या, गावरान कोंबड्या दिवसभर मोकळ्या हिंडायच्या आणि सांज झाली की चिंचेच्या फांद्यांवर जाऊन झोपायच्या. पण हल्ली फांद्या रिकाम्या होऊ लागल्या होत्या. आधी काळी नाहीशी झाली, मग तांबडी, मग उघड्या मानेची. ना कुठे पिसं सापडली, ना रक्ताचा थेंब!

"मुंगसानंच नेल्या," राजकुमारीबाई म्हणायच्या. "उरल्या तेवढ्या बाजारात देऊन टाकू."

ठिपक्याठिपक्यांची चितरी कोंबडी तेवढी रोज दुपारी यायची, घाईघाईनं दाणे टिपायची आणि कुठेतरी निघून जायची.

"निघाली!" टिकेश पुटपुटला.

चितरी बांधावरून निघाली आणि मागे तिघं. दुपार अगदी स्तब्ध होती. पुढे जंगलाची कड उन्हात थरथरत होती, पाण्यात पडलेल्या सावलीसारखी. मोहफुलांचा गोड वास एवढा दाटला होता, की आपण चालतोय की झोपेत तरंगतोय, हेच समीक्षाला कळेना. गावातल्या केशोरावकाकांच्या मोहाच्या झाडांखाली वाळक्या पानांचा जाड थर पडला होता. चितरी त्या पानांत शिरली आणि विरघळून गेल्यासारखी दिसेनाशीच झाली!

तिघं श्वास रोखून उभे राहिले. पाहता पाहता पानांना डोळे फुटले. इथे एक, तिथे एक, वारुळाच्या आडोशाला आणखी एक!

"काळी!" ओमेश्वरीनं तोंडावर हात धरला. "अन् ती तांबडी! अवं, साऱ्या खुडूक बसल्या! अंडी उबवून राहिल्या!"

उघड्या मानेची कोंबडी पिसं फुगवून गुरगुरली. तिच्या पोटाखाली अंडी चमकत होती.

तेवढ्यात मागून खोकल्याचा आवाज आला. केशोरावकाका! खांद्यावर दुपट्टा आणि हातात काडेपेटी.

"काय करून राहिले रे इथं? उद्या सकाळी हा पाला जाळतो मी. जागा साफ झाली का फुलं वेचाले सोपी."

"काका, नका जाळू! पाल्यात कोंबड्या आहेत!" समीक्षा ओरडली.

"पळतीन ना मंग!"

"खुडूक कोंबडी अंडी सोडून पळत नाही, काका!" ओमेश्वरी रडवेली झाली. "बसल्या जागी जळंल! अन् आग जंगलात गेली तं?"

"दरसाल जाळतो. कायले भेतं? इतका पाला झाडून काढाले कोणाले येळ आहे?" काका हसत निघून गेले.

टिकेशचा चेहरा पडला. समीक्षा मात्र झाडाकडे बघत होती.

"फुलं वेचायला जमीनच लागते का? आपण फुलांना खाली पडूच दिलं नाही तर?"

मग तिघं धावत सुटले, ते थेट केशोरावकाकांच्या घरी, काकूंकडे! पुष्पाकाकूंनी सगळं ऐकून घेतलं, डोळे बारीक केले आणि लुगड्यांची पेटी उघडली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिघांनी कोंबड्यांना वळसा घालून पाल्यावर जुनी लुगडी अंथरली. निळी, हिरवी, विटकी गुलाबी आणि मधोमध एक जांभळं. वाराही झोपेतच होता. वरून एकेक फूल सुटत होतं. टप्... टप्... जणू झाडं रात्रीच्या चांदण्या हळूच खाली ठेवत होती.

काका आले ते थबकलेच. "हे काय?"

"फुलं वेचायची गरज नाही, काका! फक्त लुगड्याचं टोक उचला!" समीक्षा म्हणाली.

"अन् काडी लावा ना आता!" टिकेशनं हात पुढे केला. "ते जांभळं लुगडं काकूचं आहे. नवंकोरं!"

काकांनी जांभळ्या लुगड्याकडे पाहिलं. मग मागे पाहिलं. पुष्पाकाकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या! शेजारी राजकुमारीबाई होत्या. आपली तांबडी जिवंत बघून त्या मटकन खालीच बसल्या.

"मुंगसाचं उगाच नाव घेत होती मी," त्या म्हणाल्या. "पोरींनो, टिक्या, तुम्ही तं माह्या साऱ्या कोंबड्या वाचवल्या! आता एकही बाजारात जात नाही!"

काका काही बोलणार, तोच पानांखालून बारीक आवाज आला. चिव! चितरीच्या पंखाआडून एक ओलसर, पिवळं डोकं बाहेर आलं. मग दुसरं.

"निघाली! पिल्लं निघाली!" टिकेश उड्या मारू लागला.

"श्श!" केशोरावकाकांनीच त्याचा दंड धरला. काडेपेटी पुष्पाकाकूंच्या हातात देऊन ते वाकले. त्यांचा राकट आवाज एकदम मऊ झाला.

"हळू बोल ना बाबू. भेतीन ते."