पळपुट्या टेकडीची बखर

"पुन्हा पुसलं!" कस्तुरी गच्चीवरून ओरडली. "सलग तिसऱ्या दिवशी!"

शेजारचा देवव्रत आणि त्याची धाकटी बहीण मधुरा धावत वर आले. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या या दोन्ही घरांची गच्ची एकच, आणि तिच्यावर खडूनं काढलेला उंचदेश पसरला होता. काशीत टेकडी औषधालाही नाही, म्हणून या सुट्टीत मुलांनी आपला एक देशच तयार केला आणि त्यात सत्तावीस टेकड्या उभ्या केल्या! उंचदेशाचा कायदा कडक होता. काहीतरी घडल्याशिवाय टेकडीला नाव मिळत नसे, आणि घडलेलं सगळं देवव्रत बखरीत, म्हणजे एका जाड वहीत, लिहून ठेवी. राक्षसाला सर्दी झाली ती शिंकरी टेकडी. राणीनं भाकरी करपवली तो काळा डोंगर.

आज सव्वीस नावं जागच्या जागी होती. 'पळपुटी टेकडी' तेवढी साफ!

"वानरांचं काम," देवव्रत घाईघाईनं म्हणाला आणि खडू घेऊन नाव पुन्हा लिहू लागला.

"वा रे वा! वानरांना तेवढंच नाव वाचता येतं होय?" कस्तुरी हसली. "हे रोहनचं काम. एकदम पक्कं!"

रोहन रेल्वेतल्या बाबांच्या बदलीमुळे गेल्या वर्षी इथे आलेला. राजा घाटावर पोहायला शिकताना तो घाबरून पळाला, असं देवव्रतनं सगळ्यांना सांगितलं होतं. लगेच बखरीत लिहिलं गेलं, की सेनापती रोहन राजाला लढाईत सोडून पळाला आणि या टेकडीमागे लपला. "अरे, मी नावेवरच्या मल्लाहला बोलवायला पळालो," रोहन परोपरीनं सांगत राहिला. कुणी ऐकलं नाही. मग तो यायचाच बंद झाला. आता परवा रविवारी मराठी मंडळात ही बखर वाचली जाणार होती, सगळ्यांच्या आईबाबांसमोर!

खरं काय ते देवव्रतला ठाऊक होतं. बुडत होता तो स्वतः! रोहननं धावत जाऊन मल्लाहला आणलं, म्हणून त्यानं पुढे केलेलं वल्हं वेळेवर हाताशी आलं. लक्ष ठेवायला आलेले देवव्रतचे विश्वजीतकाका तेव्हा वर दुकानात लस्सी पीत होते. "घरी बोलू नका हं!" ते म्हणाले, आणि पोहण्यात पटाईत म्हणून मिरवणाऱ्या देवव्रतला ते फार सोयीचं वाटलं. तेव्हापासून वही उघडली की त्याचे कान तापत.

"आज सापळा लावू," कस्तुरीनं ठरवलं आणि टेकडीभोवती मैदा भुरभुरला.

सकाळी मैद्यात पावलं उमटली होती. एवढीशी! ती जिना उतरून थेट देवव्रतच्या स्वयंपाकघरात गेली. तिथे मधुरा दूध पीत बसली होती. तळवे पांढरेशुभ्र!

"मधू, तू?" कस्तुरी चाटच पडली.

मधुरानं दादाकडे बघितलं. "मी त्या दिवशी घाटाच्या पायरीवर चपला सांभाळत होते ना. मला सगळं दिसलं. वाटलं, पुसलं की तू दुसरं नाव लिहिशील. पण तू रोज तेच लिहायचास!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं देवव्रतला झालं. त्यानं मान खाली घालून कस्तुरीला सगळं सांगून टाकलं. ती एकदाही हसली नाही.

"मी रोहनची माफी मागतो," तो म्हणाला.

"गुपचूप? नाव तर सगळ्यांसमोर ठेवलंस!"

"सगळ्यांसमोर मागेन. पण काकांचं काय? ते तर वाचूच देणार नाहीत."

कस्तुरीचे डोळे लकाकले. "वाचणार तेच आहेत ना? आणि आधी वाचून बघायची त्यांना सवय कुठे आहे!"

रविवारी मंडळात विश्वजीतकाकांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. शिंकऱ्या टेकडीला टाळ्या पडल्या. काका रंगात आले.

"आता ऐका पळपुट्या टेकडीची खरी हकिगत! राजा नदीत गटांगळ्या खाऊ लागला. रखवालदार काठावर नव्हता, तो लस्सीचा दुसरा कुल्हड..." काकांचा आवाज एकदम बसला. "यार, हे कुणी लिहिलं?"

"मी," देवव्रत उभा राहिला. "राजा म्हणजे मी. मी बुडत होतो. रोहननं मल्लाहला आणलं. तो घाबरला असं मी खोटं सांगितलं, कारण घाबरलो होतो मी."

देवव्रतच्या आईनं तोंडावर हात ठेवला. काकांनी दोन्ही कान पकडले. "चुकलं माझं, वहिनी! यापुढे पोरांना सोडून जागचा हलणार नाही."

मंडळाच्या कालिंदीमावशी उठून दारापाशी बसलेल्या रोहनकडे गेल्या. "शाब्बास रे! तू धावलास म्हणून आमचं पोर वाचलं." मग त्या देवव्रतकडे वळल्या. "आणि खरं बोललास, तुलाही शाब्बास."

ती शाब्बासकी देवव्रतला चपराकीसारखी लागली. वही घेऊन तो रोहनजवळ गेला. "चुकलो यार. टेकडीला आता रोहनगड म्हणू?"

"गडबिड नको. नावाचं नंतर बघू." रोहन त्या पानाकडे बघत राहिला. "इतके दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. ते आधी लिही."

देवव्रत तिथेच जमिनीवर बसला आणि लिहू लागला. रोहन बाजूला बसून शेवटच्या शब्दापर्यंत बघत होता.