माणूस आहे

ही गोष्ट रात्रीची नाही.

आधीच सांगून ठेवते, कारण भुताची गोष्ट म्हटली की लोक उशी पोटाशी धरून काळोखाची वाट बघत बसतात. हे भर दुपारी घडलं. लख्ख उन्हात. माणसांनी खचाखच भरलेल्या बोटीवर. बेलेंहून मोठ्या नदीतून सांतारेंला जाणारी तीन दिवसांची बोट, गेल्या वर्षीचा जून महिना, सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या आठवड्यात.

आणि जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मोठी जाऊ, जुरेमा. तिला खोटं बोलता येत नाही. बाजारात मासळीवालीशी घासाघीस करतानासुद्धा तिचं तोंड पडतं, म्हणून आमच्याकडे मासळी मी आणते.

तर ऐका.

जुरेमाला एकच मुलगी. तायनारा. बाप लवकर गेला, पोरगी मोबाईलच्या दुकानात लागली आणि पहिल्या दिवसापासून तिने एकच ध्यास घेतला. आईला अख्खा देश दाखवायचा. तोही स्वस्तात. जुरेमा जन्मात बेलेंच्या बाहेर पडली नव्हती.

संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात बेत आखत बसायच्या. विमान नको, बोट. बोटीत केबिन नको, छताला टांगून झोपायची झोळी. पुढे रात्रीच्या बस, म्हणजे झोपायची सोय बसमध्येच. हॉटेल तर अजिबात नको.

"मग राहायचं कुठे गं? झाडावर?"

"नातेवाइकांकडे! आई, हा देश बघायला पैसा लागत नाही, नातेवाईक लागतात."

"दक्षिणेत आपलं कोण आहे?"

"तुझ्या मावसबहिणीची नणंद."

"अगं, तिला मी एकदाच भेटलेय. लग्नात. कोंबडीच्या तंगडीवरून भांडली होती माझ्याशी."

"म्हणजे ओळख आहे की!"

दक्षिणेच्या डोंगरात जून-जुलैत थंडी पडते. सकाळी गवतावर बर्फ दिसतं आणि बोलताना तोंडातून वाफ येते. आम्ही बेलेंची माणसं, बारा महिने घामाने निथळणारी. तायनाराला ती वाफ बघायची होती. "आणि तीही फुकट, आई!" असं म्हणून ती टाळी द्यायला हात पुढे करायची.

बोटीची दोन तिकिटं काढून झाली. दोन नव्या झोळ्या घेतल्या, आईला हिरवी, तिला पिवळी.

एप्रिलच्या पावसात तायनाराला ताप आला. आम्ही म्हटलं, ताप काय, येतो आणि जातो.

ताप गेला नाही. तायनारा गेली.

जूनमध्ये जुरेमा म्हणाली, "मी जाणार आहे."

मी भांडले तिच्याशी. एकटी कुठे जातेस, वेडी झालीस का, निदान दुसरं तिकीट तरी परत कर. तिने काही ऐकलं नाही. दोन्ही झोळ्या पिशवीत भरल्या, तळलेले मासे आणि कसावा कंदाचा भाजलेला रवा डब्यात घेतला आणि धक्क्यावर गेली.

आमच्या बोटींवर जागेला नंबर नसतो. वर छताला हुकांच्या रांगा असतात. जो आधी येईल तो झोळी टांगतो, आणि झोळी टांगली की ती जागा त्याची. म्हणून लोक सकाळपासून जाऊन बसतात. कोणी तुमच्या हुकाला हात लावला की म्हणायचं, "माणूस आहे." संडासाचं दार वाजलं तरी तेच, खानावळीत शेजारची खुर्ची कोणी ओढली तरी तेच. दिवसातून दहादा आपण ते म्हणतो. विचार कोण करतं?

जुरेमाने हिरवी झोळी टांगली. शेजारी पिवळी.

थोड्याच वेळात एक जाडे गृहस्थ घाम पुसत आले. ऑस्मारिनो त्यांचं नाव, टेबलफॅन विकायला घेऊन निघालेले.

"ताई, ही जरा सरकवा की. रिकामीच दिसतेय."

"माणूस आहे."

"कुठे आहे?"

"येईल."

"बोट सुटायला आली, अजून नटतंय वाटतं तुमचं माणूस," असं पुटपुटत त्यांनी आपली झोळी पिवळीच्या पलीकडे कशीबशी कोंबली.

जुरेमाच्या दुसऱ्या बाजूला फिलोमेना नावाची म्हातारी होती. टोपलीत तिच्या कोंबड्या. ती सगळं ऐकत होती. बोट सुटली, शहर मागे पडलं, तशी ती हळूच म्हणाली, "पोरी, कोणी आलं नाही गं."

जुरेमाला रडू फुटलं. तिने सगळं सांगून टाकलं.

म्हातारीने छातीवर क्रूस काढला. "मग असं म्हणू नये, बाई. रिकाम्या जागेला 'माणूस आहे' म्हणणं जमिनीवर चालतं. इथे नाही. नदीवर बोललेलं नदी ऐकते."

कोणीही शहाणी बाई घाबरली असती आणि गप्प बसली असती.

जुरेमा त्यानंतर ते मुद्दाम म्हणू लागली.

कोणी नुसतं त्या बाजूने गेलं तरी म्हणायची, माणूस आहे. कोणी विचारलं नाही तरी म्हणायची. पिवळ्या कापडाकडे बघून, मोठ्याने. आईला कसली आलीय भीती?

दुसऱ्या दिवशी बोट ब्रेव्हेस गावाजवळच्या चिंचोळ्या पाण्यात शिरली. दोन्हीकडे जंगल इतकं जवळ की हात लावावा. जेवणं झाली. उकाडा मी म्हणत होता. सगळी बोट झोळ्यांमध्ये आडवी झाली. जुरेमाचाही डोळा लागला.

जाग आली ती शांततेने.

इंजिन चालू होतं. पण कोंबड्या गप्प होत्या. पोरं गप्प होती. कोणी खोकत नव्हतं...

आणि मग दोर करकरला.

कर्र... कर्र...

ओझं पडल्यावर करकरतो तसा.

जुरेमाने मान वळवली. पिवळी झोळी खाली गेली होती. तिच्या झोळीएवढी खाली. आणि दोन्ही काठ आतून ओढून घेतलेले होते. उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून तायनारा नेहमी ओढून घ्यायची, अगदी तसे.

मग जुरेमाची झोळी हलली...

वारा नव्हता. कोणीतरी कापडाच्या आडून टाचेने ढकलत होतं. एकदा. पुन्हा एकदा. लहानपणापासूनची खोड तिची. स्वतः झोपायचं आणि पायाने आईला झोका द्यायचा.

जुरेमाने हात लांब करून पिवळ्या कापडावर ठेवला.

कापड तापलेलं होतं.

उन्हाने नाही. तिथे सावली होती. एप्रिलमध्ये रात्रंदिवस ज्या कपाळावर तिने हात ठेवला होता, तेच तापलेपण. तिने ते लगेच ओळखलं. पोर आली होती, आणि तिचा ताप तसाच होता.

जुरेमा उठली. टॉवेल भिजवून आणला, पिळला आणि मिटलेल्या झोळीवर पसरला. बघता बघता तो वाळला. तिने पुन्हा भिजवला.

"जेवलीस का गं?" तिने विचारलं.

तिने टॉवेल सारखा केला.

"राहू दे. झोप."

जुरेमा मला म्हणाली, "खरं सांगू? त्या दुपारी मी सुखात होते." हे सांगताना ती हसली होती. मला ते हसू बघवलं नाही.

काठ उघडून आत मात्र तिने बघितलं नाही. बघितलं तर पोर राहणार नाही, एवढं तिला कळत होतं.

तेवढ्यात तिकीट तपासणारा आला. जुरेमाने दोन्ही तिकिटं दिली. आता हा कापड बाजूला करणार, म्हणून ती मध्ये उभी राहिली. त्याने पिवळ्या झोळीकडे बघितलं... आणि आवाज खाली आणला.

"राहू द्या, उठवू नका. बरं दिसत नाही वाटतं पोरीला?"

दोन्ही तिकिटं फाडून तो पुढे गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या रांगेत ऑस्मारिनो तिच्या मागे उभे होते. डोळे लाल, दाढी वाढलेली. बराच वेळ घुटमळले, मग म्हणाले, "ताई, राग मानू नका. घरची भांडणं घरात मिटवावी. पण लेकीला जरा जवळ घ्या ना."

"का? काय झालं?"

"काय झालं म्हणून काय विचारता! काल दुपारपासून रडतेय ती. मी शर्ट कानाला गुंडाळून पडलोय."

जुरेमाने कप तसाच ठेवून दिला. "रडतेय?"

"तुम्हाला ऐकू येत नाही? सारखं एकच चाललंय. आई, मला उतरू दे. आई, मला उतरू दे."

जुरेमा धावत झोळीपाशी आली. कापडाला कान लावला. इंजिनाची घरघर. बाकी काही नाही. नाव घेऊन हाक मारली. काही नाही. समोरच्या बाईकडे बघितलं, तर ती बाई नजर चुकवून आपल्या बाळाचे कान झाकून बसली होती.

"आजी, तुम्हालाही...?"

"ऐकू येतंय गं," फिलोमेना म्हातारी म्हणाली. "कालपासून."

सगळ्या बोटीला ऐकू येत होतं. फक्त आईला नाही.

"मग मला का नाही?"

"ते मला विचारू नकोस. तू तिला बोलावलंस, ती आली. आता तुझ्या शब्दाशिवाय तिला उठता येत नाही. ही जागा कोणाला तरी दे. तुझ्या तोंडाने सांग, इथे कोणी नाही म्हणून."

"ते मला जमणार नाही, आजी."

"माहीत आहे," म्हातारी म्हणाली.

सकाळभर जुरेमा टॉवेल भिजवत राहिली. दोर करकरत होता. मधूनच टाच लागत होती, पण आता तो झोका नव्हता... ढकलणं होतं.

दुपारी बोट अल्मेरिंच्या धक्क्याला लागली. म्हातारीचं गाव तेच. कोंबड्यांची टोपली उचलून, जुरेमाच्या डोक्यावर हात ठेवून ती उतरली. खालून नवी माणसं चढली. ढकलाढकली, आरडाओरडा. म्हातारीचा हूक मोकळा होतो न होतो तोच कोणीतरी तिथे झोळी टांगली.

सगळ्यांत शेवटी एक तरुण बाई वर आली. दिवस भरत आलेले. एका हाताने कंबर धरलेली, दुसऱ्या हातात गाठोडं. तिने रांगेच्या टोकापासून टोकापर्यंत बघितलं. एकही हूक मोकळा नव्हता. ती पिवळ्या झोळीपाशी येऊन थांबली.

"ताई, इथे कोणी आहे का?"

दोर करकरायचा थांबला.

जुरेमाने तोंड उघडलं. "मा..." एवढं आलं. जिभेला सवय झालेली ना. तिने कापडावर हात ठेवला. चटका बसला. ह्या तापात आपण पोरीला ओढून घेऊन चाललोय. कुठे? आणि कशासाठी?

ती पोटुशी बाई वाट बघत होती.

"नाही," जुरेमा म्हणाली. "इथे कोणी नाही."

आणि तेव्हा तिला पहिल्यांदा ऐकू आलं.

झोळीतून. स्पष्ट. तायनाराच्याच आवाजात.

"आई...?"

मग दोर सैल पडला. पिवळं कापड वर आलं, काठ सुटले. हाताखाली गार कापड होतं, रिकामं.

ती बाई पिवळ्या झोळीत सांतारेंपर्यंत शांत झोपली. ऑस्मारिनोही घोरायला लागले. जुरेमा झोपली नाही. सांतारेंला चुलतबहिणीकडे दोन रात्री राहिली आणि परतीच्या बोटीने घरी आली. पुढचा देश तसाच राहिला.

आता वर्ष झालं. ती जेवते, खाते, चर्चला जाते. पण संध्याकाळी माझ्या ओट्याशी येऊन बसली की मला कळतं, आता विचारणार.

"ती 'आई' म्हणाली ना, ते सुटली म्हणून म्हणाली? की मी 'कोणी नाही' म्हटलं ते तिला लागलं म्हणून?"

"सुटली म्हणून, जाऊबाई," मी म्हणायचे. "दुसरं काय असणार? उतरायचंच होतं तिला."

"तू ऐकलं नाहीस."

"नसेल ऐकलं. पण मला कळतं ना!"

दर वेळी तेच. मी धडधाकट, चार पोरांची आई, हसतखेळत समजूत काढायचे.

मागच्या रविवारी भाजी निवडता निवडता तिने डोळे मिटले आणि तो शब्द मला म्हणून दाखवला. जसाच्या तसा. तो आवाज तिचा नव्हता. तायनाराचा होता, आणि त्यात सुटल्याचं काही नव्हतं.

त्या दिवसापासून मी तिची समजूत काढत नाही.